संगणकावरचे बोलते पुस्तक : सुरुवात कशी करावी

(संस्थेच्या विद्यार्थी अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान)



मल्टिमीडियाचे सॉफ्टवेअर हाताळायला सुरुवात कशी करावी, या विषयावर बोलण्याची जबाबदारी संस्थेने आमच्यावर सोपविली आहे. आम्ही संगणकशास्त्राचे पदवीधर नाही. परंतु या कामात आमच्या हातून एक मोठी चूक होऊन गेलेली आहे, आणि ज्यांनी चूक केली त्यांनीच मुलांसमोर उभे राहावे असे कार्यकारिणीचे मत पडले. ते आम्हास मान्य आहे. म्हणून प्रथम ती हकिगतच सांगतो.

१९९८ साली आम्ही चार-पाच कार्यकर्त्यांनी धम्मदीक्षेवर एक सीडी काढायचे ठरविले. आपल्या वस्तीतील एक आजी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षाभूमीवर हजर होत्या. अंगावर पांढरे लुगडे, कडेवर तान्हे मूल आणि फडक्यात बांधलेल्या भाकरी, अशा त्या गेल्या होत्या. त्यांची दीड तासाची मुलाखत आम्ही कॅसेटवर घेतली. एका संगणक क्लासमध्ये तासाच्या भाड्याने संगणक मिळत असे. तेथे मॅक्रोमीडिया कंपनीचे 'डायरेक्टर' हे सॉफ्टवेअर होते. सीडीच्या दर्जाचा एक मिनिटाचा आवाज साधारण १० एमबी जागा घेतो आणि त्या संगणकावर जागा फार थोडी होती. तेव्हा दीड तासातून आम्ही चाळीस सेकंद निवडले. छायाचित्रे घातली, त्रिसरण घातले, बटणे केली. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमात ती सीडी दाखविली. टाळ्या पडल्या. आजींचा सत्कार झाला.

पुढचे ऐका. कॅसेट कपाटात होती. पुढच्या जयंतीला कोणीतरी त्याच कॅसेटवर भीमगीतांचा कार्यक्रम भरून टाकला. क्लासच्या संगणकावर आमची मूळ फाइल होती, तो संगणक वर्षभरात पुसून पुन्हा भरला गेला. डायरेक्टरमध्ये काम पूर्ण झाले की एक 'प्रोटेक्टेड' प्रत करता येत असे, ती चालते पण उघडून दुरुस्त करता येत नाही. आमच्या सीडीवर तेवढीच होती. मुलाखतीची चार पाने टाइप केलेली फ्लॉपीवर होती, तीसुद्धा त्या वेळच्या फाँटमध्ये.

२०१९ साली आजींच्या नातवाने सीडी मागितली. आजी तेव्हा हयात नव्हत्या. सीडी नव्या संगणकात घातली, ती चालेना. कारण असे की, विंडोज ३.१ असलेल्या जुन्या संगणकांवरही ती चालावी म्हणून आम्ही १६-बिटचा प्रोग्राम केला होता आणि ६४-बिटचे विंडोज असले प्रोग्राम चालवीतच नाही. फ्लॉपीवरची पाने उघडली तर सगळी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे. त्या काळच्या पुष्कळशा मराठी फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसविलेले असत. तो फाँट संगणकात नसला की मजकुराचा पालापाचोळा होतो. अखेर एका कार्यकर्त्याच्या माळ्यावर विंडोज ९८ चा संगणक सापडला. तो कसाबसा सुरू केला, सीडी लावली आणि स्पीकरसमोर मोबाइल धरून ते चाळीस सेकंद उतरवून घेतले. चार पाने फाँट बदलून वाचता आली. बाकीचा सव्वा तासाहून अधिक आवाज गेला तो गेलाच.

सॉफ्टवेअरचा यात काही दोष नव्हता. दोष आमच्या समजुतीचा होता. सीडी म्हणजेच आपला ठेवा, असे आम्ही धरून चाललो. वास्तविक ठेवा कॅसेटमध्ये होता, आणि सीडी ही त्याची एका दिवसाची आरास होती.

आता मूळ विषयाकडे येऊ. मल्टिमीडिया ऑथरिंग सॉफ्टवेअर, हे लांबलचक नाव ऐकून बिचकू नये. लेखन, चित्र, आवाज, चलतचित्र या वेगवेगळ्या ठिकाणी तयार झालेल्या गोष्टी एकत्र बांधायच्या, आणि पाहणाऱ्याने कोठे बोट ठेवले असता काय घडावे हे ठरवायचे, एवढेच त्याचे काम. छापखान्यात बांधणीवाला फर्मे गोळा करून पुस्तक शिवतो, तसाच हा प्रकार आहे. बांधणीवाला मजकूर लिहीत नाही.

या बांधणीवाल्यांचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९८७ साली बिल ॲटकिन्सन यांनी ॲपल कंपनीसाठी 'हायपरकार्ड' तयार केले. कार्डांची चळत करायची आणि एका कार्डावरून दुसऱ्यावर उडी मारायची, ही त्याची कल्पना. २००४ साली त्याची विक्री बंद झाली. डायरेक्टर ज्या मॅक्रोमीडियाचे, ती कंपनी २००५ साली अडोबीने घेतली, आणि २०१७ साली डायरेक्टरही बंद झाले. 'फ्लॅश' एके काळी घरोघरी होते, त्याचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला. म्हणजे आमची सीडी नीट सांभाळली असती, तरी तिला कधीतरी अडचण येणारच होती. आज तुम्ही जे पॅकेज शिकाल त्याच्याविषयीही आमची तशीच अपेक्षा आहे. शिकू नये असे मात्र नाही. डायरेक्टरमध्ये शिकलेले आम्हास आजही उपयोगी पडते. कसे, ते पाहा.

डायरेक्टरची सगळी भाषा नाटकाची होती. स्टेज म्हणजे रंगमंच, कास्ट म्हणजे पात्रमंडळी, स्क्रिप्ट म्हणजे पात्राची संहिता. आपल्याकडे आंबेडकरी जलशाची परंपरा आहे. भीमराव कर्डकांसारखे शाहीर गावोगाव जलसे करीत. जलशात गाणारा कोण, ढोलकी केव्हा थांबणार, सवाल कोणी टाकायचा आणि जबाब कोणी द्यायचा, हे ठरलेले असते. संगणकावरही तेच ठरवायचे असते. हे ज्याच्या ध्यानात आले, त्याला पॅकेज कोणते आहे याचा फार फरक पडत नाही.

आणि वाट सोडून थोडे अजिंठ्याला जाऊन येऊ. संस्थेच्या सहलीत आपण सर्वांनी १७ क्रमांकाचे लेणे पाहिले आहे. तेथे वेस्संतर जातक रंगविलेले आहे. अजिंठ्याच्या अनेक कथाचित्रांविषयी अभ्यासकांनी एक गोष्ट दाखवून दिली आहे. तेथील प्रसंग नेहमी काळाच्या क्रमाने येत नाहीत, ते पुष्कळदा स्थळाप्रमाणे मांडलेले असतात. राजवाड्यात घडलेले एका बाजूला, अरण्यात घडलेले दुसऱ्या बाजूला, मग ते कथेत आधी असो की नंतर. पाहणारा भिंतीपुढे फिरतो आणि कथा जुळवितो. बटण दाबून हव्या त्या पानावर जाण्याची आजची युक्ती पाहिली की आम्हास त्या भिंती आठवतात. तुमच्या कथेचे कप्पे काळाने पाडायचे, की गावांनी, की माणसांनी, याचा विचार सॉफ्टवेअर उघडण्यापूर्वी करायचा असतो.

म्हणून पहिले दोन दिवस संगणक बंद ठेवा. कोऱ्या कागदाचे आठ चौकोन कापा. प्रत्येक चौकोनावर एक पडदा काढा: चित्र कोठे, शब्द कोणते, आवाज कोणाचा, बटणे किती. मग ते जमिनीवर मांडा आणि बटणापासून त्या त्या कागदापर्यंत दोरा टाका. ज्या कागदाकडे एकही दोरा जात नाही तो पडदा कोणी पाहणार नाही. ज्या कागदातून दोरा बाहेर पडत नाही तेथे पाहणारा अडकून बसेल. ही परीक्षा फुकट आहे आणि आम्हास अजून हिच्याइतकी चांगली दुसरी सापडलेली नाही.

तिसऱ्या दिवशी संगणकाकडे या. नवख्या विद्यार्थ्याने आरंभ 'स्क्रॅच'ने करावा, असे आमचे मत आहे. अमेरिकेतील एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझनिक यांच्या गटाने ते तयार केले आणि २००७ साली सर्वांसाठी खुले केले. पैसे पडत नाहीत. एकदा उतरवून घेतले की इंटरनेटशिवाय चालते, आणि आपल्या अभ्यासिकेत ही बाब किती महत्त्वाची आहे हे सांगायला नको. मुलांचे खेळणे म्हणून काही जण नाक मुरडतील, त्यांना मुरडू द्यावे. याची दुसरी आवृत्ती फ्लॅशवर उभी होती. फ्लॅश जाणार हे दिसताच मंडळींनी सगळे नव्याने लिहिले आणि जानेवारी २०१९ मध्ये तिसरी आवृत्ती आणली. जुनी कामे नव्यात उघडतील अशी सोयही ठेवली. आमच्यासारख्या पोळलेल्या माणसाला या गोष्टीचे मोल फार वाटते.

स्क्रॅच उघडले की उजवीकडे स्टेज दिसते. त्याच्या खालच्या यादीत जी पात्रे असतात त्यांना स्प्राइट म्हणतात, आणि स्टेजच्या मागच्या पडद्याला बॅकड्रॉप. डावीकडे रंगीत ठोकळे असतात. ते ओढून एकाखाली एक जोडायचे, म्हणजे आज्ञा तयार होतात. वरच्या हिरव्या झेंड्यावर टिचकी मारली की खेळ सुरू, लाल खुणेवर मारली की बंद.

नवीन काम उघडले की स्टेजवर एक मांजर आपोआप हजर असते. तिला प्रथम निरोप द्यावा. मागील वर्गात एका विद्यार्थ्याने दीक्षाभूमीच्या स्तूपाचे सुंदर चित्र लावले आणि मांजर तशीच राहिली. सर्वांची करमणूक झाली, पण त्या बिचाऱ्याचा विषय बाजूला पडला.

पहिले काम तीन पडद्यांचेच करा, आणि एका बैठकीत पुरे करा. पहिल्या पडद्यावर शीर्षक, दुसऱ्यावर तुमच्या घरातील एका वडीलधाऱ्या माणसाचे छायाचित्र व आवाज, तिसऱ्यावर ज्या गावची हकिगत ते गाव. एका स्प्राइटला 'पुढे'च्या बाणाचे रूप द्या. त्याला दोन ठोकळे लावा: 'व्हेन धिस स्प्राइट क्लिक्ड' आणि त्याखाली 'नेक्स्ट बॅकड्रॉप'. बाण दाबला की पडदा बदलतो. एवढे जमले की तुम्ही ऑथरिंग केले. बाकी सगळे याचाच विस्तार आहे.

आता जेथे सर्व जण अडखळतात त्या जागा सांगतो, कारण पुस्तकात त्या एका ओळीत उरकलेल्या असतात.

एक तर असे की, प्रत्येक स्प्राइटच्या आज्ञा स्वतंत्र असतात, आणि स्टेजच्याही स्वतंत्र. खाली स्टेज निवडलेले असेल तर हालचालीचे ठोकळे दिसतच नाहीत. मुले घाबरून विचारतात की ठोकळे गेले कोठे. ते कोठेही गेलेले नाहीत. स्टेज जागचे हलत नाही म्हणून त्याला ते दिलेले नाहीत. स्प्राइटवर टिचकी मारा, परत येतील.

दुसरी जागा पात्रांची. पडदा बदलला तरी पात्रे आपण होऊन जात नाहीत. पहिल्या पडद्यावरचे बटण तिसऱ्यावरही लोंबकळत राहते. जलशात प्रवेश संपला की नट आपल्या पायांनी विंगेत जातो, येथे त्याला सांगावे लागते. प्रत्येक स्प्राइटला 'व्हेन बॅकड्रॉप स्विचेस टू' हा ठोकळा द्या, आणि कोणत्या पडद्यावर 'शो' आणि कोणत्यावर 'हाइड' हे लिहा. कंटाळवाणे काम आहे, पण त्याला इलाज नाही.

आवाजाची गोष्ट जरा सावकाश समजून घ्या. आपल्या कामात आवाज हाच प्राण आहे. आवाजाचे दोन ठोकळे दिसायला सारखे आहेत. 'स्टार्ट साउंड' हा आवाज सुरू करून देतो आणि न थांबता पुढच्या आज्ञेकडे जातो. 'प्ले साउंड अंटिल डन' हा आवाज पुरा होईपर्यंत थांबतो. त्रिसरण आणि त्यानंतर आजोबांचे बोलणे असे एकामागून एक हवे असेल आणि तुम्ही पहिला ठोकळा वापरलात, तर दोन्ही एकदम सुरू होतील व काहीच कळणार नाही. उलट, बोलणे चालू असताना चित्र हलते ठेवायचे असेल तर पहिलाच ठोकळा हवा. शिवाय पाहणारा मध्येच पुढच्या पडद्यावर गेला तर मागचा आवाज चालूच राहतो. म्हणून प्रत्येक नव्या पडद्याच्या आरंभी 'स्टॉप ऑल साउंड्स' घालावे, आणि मग त्या पडद्याचा आवाज सुरू करावा.

ध्वनिमुद्रण स्क्रॅचमध्येही करता येते, पण तसे करू नका. मोबाइलवर वेगळे करा. पंखा बंद करा, खिडकी लावा, मोबाइल उशीवर किंवा घडीच्या सतरंजीवर ठेवा, म्हणजे टेबलाची ठकठक येत नाही. वृद्ध माणूस बोलता बोलता थांबला तर लगेच दुसरा प्रश्न टाकू नये, हे आम्ही आमच्याच जुन्या मुलाखतीतून शिकलो. त्या उरलेल्या चाळीस सेकंदांत आजी एका ठिकाणी थांबतात, आणि तेवढ्यात आमचाच आवाज मध्ये येतो. त्या काय बोलणार होत्या कोण जाणे. मोबाइलवरील फाइल पुष्कळदा एम४ए जातीची असते. स्क्रॅचला वेव्ह किंवा एमपी३ लागते. तेव्हा रूपांतर करून, हवे तेवढे तुकडे पाडून मग आत घ्या. मूळ फाइल मात्र अखंड ठेवा.

छायाचित्रांबाबतही तेच. स्क्रॅचचे स्टेज ४८० बाय ३६० एवढेच आहे. जुने दीक्षा प्रमाणपत्र, सभेचे पत्रक असा कागद त्यात बसविला तर अक्षर वाचता येत नाही. असा कागद ३०० डीपीआयला स्कॅन करून वेगळा ठेवावा आणि त्याची छोटी प्रत कामात वापरावी. मराठी मजकूर नेहमी युनिकोडमध्ये टाइप करा. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक असल्यामुळे फाँट बदलला तरी अक्षर बदलत नाही. मोठी शीर्षके चित्र म्हणून दुसरीकडे तयार करून आणली तर जोडाक्षरे दुसऱ्याच्या संगणकावर बिघडत नाहीत. पण त्या शीर्षकाचा मजकूर साध्या टेक्स्ट फाइलमध्येही असू द्या.

काम जपून ठेवण्याविषयी. उतरवून घेतलेले स्क्रॅच आपण होऊन जतन करीत नाही. वीज गेली की दोन तासांचे काम गेले. दर दहा मिनिटांनी जतन करा आणि प्रत्येक दिवशी नावापुढे नवा अंक घाला. ही फाइल एसबी३ नावाची असते, आणि ती खरे म्हणजे एक झिप गाठोडे असते. तिच्या प्रतीचे नाव बदलून झिप केले की गाठोडे सुटते, आत तुमची चित्रे आणि आवाज दिसतात. उद्या स्क्रॅच नाहीसे झाले तरी हे गाठोडे सोडता येईल. पण आतल्या फाइलींची नावे लांबलचक, निरर्थक अक्षरांची असतात. शंभर तुकड्यांतून आजीचा आवाज कोणता हे ऐकूनच शोधावे लागेल. म्हणून कामाबरोबर एक फोल्डर ठेवायचे. त्यात अखंड ध्वनिमुद्रणे, मूळ स्कॅन, मजकुराच्या फाइली, आणि एक पान: कोण बोलले, कोणत्या गावचे, कोणत्या तारखेला, कोणी ध्वनिमुद्रण केले. त्याची एक प्रत संस्थेच्या संगणकावर, दुसरी बाहेरच्या डिस्कवर आणि तिसरी दुसऱ्या कोणाच्या घरी. आमच्या तिन्ही वस्तू, कॅसेट, सीडी आणि फ्लॉपी, एकाच कपाटात होत्या.

परवानगीचा प्रश्न एका उपासिकाताईंनी चिठ्ठीवर विचारला आहे. ज्यांचा आवाज घ्याल त्यांना, तो कोठे कोठे ऐकविला जाईल हे आधी सांगा आणि त्यांचा होकारही ध्वनिमुद्रित करा. नको म्हणाले तर तो विषय तेथेच सोडा. बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले त्यांचे लेखन भारतीय कायद्याप्रमाणे निधनानंतर ६० वर्षांनी, म्हणजे १ जानेवारी २०१७ पासून, सर्वांना खुले झाले आहे. भाषांतराचा हक्क भाषांतरकाराचा स्वतंत्र असतो, हे लक्षात ठेवावे. बाजारातील भीमगीतांच्या फाइली मात्र सर्रास उचलू नका. गाणारा आपल्याच माणसांपैकी असतो. त्यापेक्षा आपल्या महिला मंडळाने म्हटलेले त्रिसरण घ्या. सूर थोडा इकडे तिकडे गेला तरी चालेल.

आता व्यवस्थेचे सांगतो. पुढच्या रविवारी सकाळी दहा वाजता अभ्यासिकेत वर्ग भरेल. संगणक चार आहेत, तेव्हा तीन-तीन विद्यार्थ्यांचे गट करू. येताना प्रत्येक गटाने आठ चौकोनी कागद भरून आणावेत, दोरा आमच्याकडे आहे. ज्यांच्या घरी १९५६ ची दीक्षा पाहिलेले कोणी हयात असेल त्यांनी सभा संपल्यावर आपले नाव चिटणिसांकडे द्यावे. तेव्हाची दहा वर्षांची मुलेही आज ऐंशीच्या आसपास आहेत. त्यांच्या घरी आम्ही रविवारची वाट न पाहता याच आठवड्यात मोबाइल घेऊन येऊ.

जय भीम.